समांतर संगणनातील ‘नॉनब्लॉकिंग’ फाइललेखन : एक ऐतिहासिक आढावा (१९९४–२०१५)

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रोसेसरच्या वेगाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे फाइललेखनाला मिळालेले दिसत नाही. वस्तुतः शेकडो प्रोसेसरनी दिवसभर केलेली आकडेमोड डिस्कवर उतरण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर ते सर्व श्रम वाया जातात. म्हणून हवामानासारख्या विषयांतील प्रोग्राम ठराविक टप्प्यांवर आपली स्थिती फाइलमध्ये नोंदवितात. मात्र तेवढा वेळ गणन खोळंबते. लेखनाची आज्ञा देऊन गणन पुढे चालू ठेवावे, ही ‘नॉनब्लॉकिंग’ लेखनामागील कल्पना होय.

१९९४ साली ‘मेसेज पासिंग इंटरफेस’ अर्थात एमपीआय हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात न खोळंबता संदेश पाठविण्याची सोय होती. फाइललेखनाचा मात्र समावेशच नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात या प्रश्नावर काम सुरू झाले. फाइलमध्ये लिहिणे म्हणजे संदेश पाठविणे आणि वाचणे म्हणजे तो स्वीकारणे, हे साम्य त्यामागे होते. पुढे नासाच्या एम्स केंद्रातील संशोधकही त्यात सहभागी झाले आणि १९९७ च्या एमपीआय-२ मध्ये फाइलविषयक स्वतंत्र प्रकरण आले.

या प्रकरणातील तडजोड विशेष अभ्यसनीय आहे. एकट्या प्रक्रियेला नॉनब्लॉकिंग लेखनाची पूर्ण मुभा मिळाली. परंतु खरा लाभ सामूहिक लेखनात असतो. अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘रोमिओ’ प्रणालीतील द्विचरण पद्धतीत प्रक्रिया आधी आपापसांत डेटाची देवाणघेवाण करतात आणि मग मोजक्या प्रक्रिया सलग मोठे तुकडे डिस्कवर लिहितात. या सामूहिक लेखनासाठी ‘आरंभ’ आणि ‘अंत’ अशी दुभंगलेली आज्ञांची जोडी तेवढी देण्यात आली. एका फाइल-हँडलवर एका वेळी अशी एकच क्रिया चालू ठेवता येई आणि ती पूर्ण झाली की नाही, हे मधल्या काळात तपासता येत नसे. शिवाय सर्व लेखन ‘आरंभ’ आज्ञेतच उरकून टाकण्यास मानकाची हरकत नव्हती! प्रस्तुत लेखकाच्या मते, येथे नाव नॉनब्लॉकिंगचे असले, तरी हमी मात्र नव्हती.

ही उणीव भरून निघण्यास अठरा वर्षे लागली. देवाणघेवाणच खोळंबणारी असेल, तर तिच्यावर आधारलेले लेखन मोकळे कसे होणार? २०१२ च्या एमपीआय-३.० ने सामूहिक संदेशवहनाला नॉनब्लॉकिंग रूप दिले. जून २०१५ च्या एमपीआय-३.१ मध्ये ‘आयराइट-ऑल’ ही आज्ञा आली. तिच्यामुळे अनेक सामूहिक लेखने एकाच वेळी चालू ठेवणे आणि त्यांची पूर्तता तपासणे शक्य झाले.

पूर्ततेचा अर्थही येथे मर्यादित आहे. ‘वेट’ ही आज्ञा पूर्ण झाली, म्हणजे स्मृतीतील ती जागा प्रोग्रामला पुन्हा वापरता येते, एवढेच. त्यापूर्वी तेथे नवी आकडेमोड ठेवल्यास फाइलमध्ये कोणती मूल्ये जातील, याचा भरवसा नाही. आणि डेटा प्रत्यक्ष साठवण-उपकरणावर पोहोचावा, यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते.