परवाना, पट्टा आणि अनुदान : नांदेड व लातूर येथील विमानतळांचा ऐतिहासिक विचार

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा बांधकामाची वर्षे व उद्घाटनाचे समारंभ यांवरच भर दिला जातो. ते साधन कोणाच्या पैशाने उभे राहिले, ते चालविण्याचा अधिकार कोणी, कोणास, किती मुदतीसाठी दिला आणि ते न चालल्यास तोटा कोणी सोसला, हे प्रश्न मात्र मागे राहतात. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर येथील विमानतळांच्या निमित्ताने या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामाच्या राज्यात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी सरकारी खजिन्याने घेतली होती, असा त्याचा अर्थ. नांदेडवरून जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग याच कंपनीच्या व्यवस्थेखाली आला. पुढे १९३० मध्ये राज्याने ही रेल्वे विकत घेतली. लातूरचा अनुभव फारसा वेगळा नाही. लंडन येथे १८९५ मध्ये स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला आणि १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने तो आपल्याकडे घेतला. ठराविक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा हक्क त्या काळच्या रेल्वे करारांत सरकार बहुधा राखून ठेवीत असे. कंपनीला सवलत द्यावयाची, परंतु परतीची वाट मोकळी ठेवावयाची, हे त्यामागील तत्त्व होते.

विमानतळाच्या बाबतीत तीन अधिकार वेगवेगळे ओळखले पाहिजेत. पहिला परवान्याचा. १९३४ च्या विमान अधिनियमाखाली १९३७ मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार नियमित प्रवासी सेवेसाठी वापरावयाच्या विमानतळास परवाना आवश्यक ठरला. (या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.) धावपट्टी, अग्निशमन, कुंपण, प्रशिक्षित मनुष्यबळ यांची पूर्तता पाहून तो दिला जातो आणि ती टिकली तरच तो टिकतो. परवाना हा सुरक्षिततेचा दाखला होय. विमाने येतील याची ती हमी नव्हे. दुसरा अधिकार ताब्याचा, म्हणजे पट्ट्याचा. आणि तिसरा मार्गावर विमान चालविण्याचा, जो विमान कंपनीकडे असतो. हे तीन अधिकार तीन हातांत गेले, की जबाबदारी कोणाची हे ठरविणे कठीण होते.

नांदेड येथे ऑक्टोबर २००८ मध्ये ‘गुरु-ता-गद्दी’चा त्रिशताब्दी सोहळा झाला. देशविदेशांतून येणाऱ्या शीख यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून त्यापूर्वी सार्वजनिक निधीतून शहराचा व विमानतळाचा विकास करण्यात आला. लातूरचा विमानतळ १९९१ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधला व तो पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आला. यानंतर २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), यवतमाळ व बारामती ही पाच विमानतळे रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. पट्ट्याची रक्कम ६३ कोटी रुपये होती. ती पाच विमानतळांवर व ९५ वर्षांवर केवळ भागून पाहिली, तर प्रत्येक विमानतळामागे वर्षाला सुमारे १३ लाख रुपये पडतात. विकासाचा भार पट्टेदाराने उचलावयाचा होता, हे जमेस धरले तरी मुदतीचा मुद्दा उरतोच. मुंबईचा २००६ चा करार ३० वर्षांचा, आणखी ३० वर्षे वाढविता येण्याजोगा, आणि उत्पन्नाच्या ३८.७ टक्के हिश्श्याचा होता. येथे मुदत मात्र २१०४ पर्यंत गेली, म्हणजे जवळजवळ चार पिढ्या. लातूरला नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. ही विमानतळे परत घेण्याचा विचार राज्यशासनास पुढे जाहीरपणे बोलून दाखवावा लागला.

मग विमाने कशी आली? २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद या मार्गाचा समावेश झाला. या योजनेत निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट तीन वर्षे भरून दिली जाते. तिचा सर्वसाधारणपणे पाचवा हिस्सा राज्य उचलते. म्हणजे विमानतळ सार्वजनिक पैशाने बांधला, ताबा खाजगी हाती गेला आणि उड्डाणे पुन्हा सार्वजनिक अनुदानाने सुरू झाली. नांदेड–हैदराबाद सेवा चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीचे काम पुढे २०२२ मध्ये बंद पडले.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने अंतराळयानांसाठी बांधलेल्या ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ या तळासाठी डोन्या आना परगण्यातील मतदारांनी २००७ मध्ये विक्रीकराचा जादा बोजा स्वीकारला. तळास २००८ मध्ये परवाना मिळाला. परंतु ज्या कंपनीच्या भरवशावर तो उभारला, तिचे पहिले व्यापारी उड्डाण झाले जून २०२३ मध्ये. परवाना आणि पहिले व्यापारी उड्डाण यांमधील ती साडेचौदा वर्षे करदात्यांनी सोसली. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे नव्या प्रक्षेपण केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली असून, खाजगी कंपन्यांच्या लहान अग्निबाणांनाही तेथे वाव मिळावयाचा आहे. अशा वेळी नांदेड–लातूरचा अनुभव आठवावा लागतो.

सारांश, परवाना देणे सोपे, पट्टा देणे त्याहून सोपे. कठीण आहे ते अपयशाची वाटणी आधीच ठरविणे. जुन्या रेल्वे करारांत ही दूरदृष्टी काही अंशी होती. उद्योगाला प्रोत्साहन देताना करारात तीन गोष्टी असाव्यात, असे या इतिहासावरून म्हणता येते : मर्यादित मुदत, उत्पन्नात हिस्सा आणि ठराविक काळात सेवा सुरू न झाल्यास मालमत्ता आपोआप परत येण्याची तरतूद. मराठवाड्यातील जमीन व करदात्यांचा पैसा एकदा एक शतकासाठी गुंतला, तर पुढील पिढ्यांच्या हाती केवळ दावे व कागदपत्रे उरतात. ती कागदपत्रे वाचण्याचे काम आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांचे आहे.