करडईच्या तेलाची मर्यादा

पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पूर्णत्वास गेले. त्यापूर्वी जिंतूर तालुक्यातील या काळ्या रानांत रब्बीचा सारा भरवसा जमिनीत मुरलेल्या ओलीवर असे, आणि त्या ओलीवर ज्वारीच्या जोडीने निभावून नेणारे पीक म्हणजे करडई. काट्यांना भिऊन गुरे आत शिरत नाहीत म्हणून ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी पेरीत, आणि दहिवराने काटे मऊ असतात तोवर, भल्या पहाटे, हातांना फडकी गुंडाळून तिची काढणी उरकीत. घाण्यावर तेल निघे ते बेताचेच, कारण दाण्याचा जवळजवळ निम्मा भार टरफलाचा. शिवाय बैलाच्या घाण्यात बरेचसे तेल पेंडीतच राहून जाई, आणि त्याचा लाभ दुभत्या म्हशीस होई. अशा तेलाची कच्ची धार ठेच्यावर वा जवसाच्या चटणीवर सोडताना कर्त्या बाईचा हात आखडता असे. निजामी अमलातील शेतसारा व सावकाराचे व्याज भागवून उरेल त्यावर चालणाऱ्या संसारात स्निग्धाची मर्यादा घाण्यानेच घालून दिली होती. वैद्यास विचारण्याचा प्रसंगच येत नसे.

वैद्यकाचा कौल तर वेळोवेळी पालटला. चरकसंहितेने वनस्पतिजन्य स्नेहांत तिळाचे तेल सर्वोत्तम आणि करडईचे सर्वांत अहितकर ठरविले (मराठवाड्याने हा निवाडा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही). विसाव्या शतकात लिनोलेइक आम्लाच्या विपुलतेमुळे हेच तेल हृदयाचे हितकर्ते ठरले. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकारातून उठलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला; त्यांतील एका गटास प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल दिले असता रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले, परंतु २०१३ साली जुन्या नोंदींचा फेरहिशेब झाला तेव्हा त्याच गटात हृदयविकाराने मृत्यू अधिक झाल्याचे निघाले. ओमेगा-३ची जोड नसणे हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सुचविले. येलदरीकडच्या ताटात ती जोड जवसाच्या चटणीने आपसूक मिळे, ही गोष्ट मला त्या साऱ्या वादाहून मोलाची वाटते.

धरणाचे पाणी वीज निर्माण करून खाली सिद्धेश्वर जलाशयात जाते व तेथून कालव्यांत उतरते. कालव्याखालच्या रानांत गहू आणि ऊस आले. फाजील पाणी न सोसणारी करडई कोरडवाहू माळांकडे सरली, आणि घाण्याच्या जागी गिरणीच्या तेलाचे डबे आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० साली बैठ्या पुरुषास दिवसाकाठी २५, तर अतिश्रम करणाऱ्यास ४० ग्रॅम तेल-तूप पुरे म्हटले. नांगरामागे चालणारा जुना गडी उघडच दुसऱ्या वर्गातला, पण त्याच्या वाट्याला एवढे स्निग्ध सणावारीच येत असावे.