वसईचा दुभाषा

वसईचा इतिहास आपण सहसा दोन सालांत बसवतो. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने ती पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. या दोन सालांमधला एक वसईकर मला जास्त जवळचा वाटतो, तो म्हणजे गोन्सालो गार्सिया.

त्याचा जन्म 1556-57च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याच सोबतीने जहाजातून जपानला गेला. तिथली भाषा शिकून सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. पण जेझुइट संघाने त्याला सामावून घेतले नाही. मग तो व्यापारात उतरला. पूर्वेकडच्या बंदरांत जम बसला, पैसाही आला. तेही सोडून तो मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू झाला.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो पुन्हा जपानला पोहोचला. 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि परक्यांविषयीचा संशय भडकला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रूसावर चढवले गेले. त्यांत हा वसईकरही होता. 1862 मध्ये रोमने त्याला संत घोषित केले.

वसई कुणाची, हा वाद आजही रंगतो. गोन्सालोला त्यातल्या कोणत्या रकान्यात बसवणार? वसईच्या बंदराने त्याला वाट दिली. पुढे प्रत्येक नव्या कामात उपयोगी पडली ती परक्यांकडून शिकलेली भाषा.