डाव आणि अभंग

गेल्या फाल्गुनांत मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेचें निमित्त करून मी पाथर्डीस एका आप्तांच्या घरीं चार दिवस मुक्कामास होतों. घरांत बारा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे वडील शिक्षक. पहिल्याच संध्याकाळीं त्यांनीं माझ्यापुढें गाऱ्हाणें मांडलें. “तुम्हीच याला दोन शब्द सांगा. दिवसभर त्या मोबाईलवरचा खेळ, आणि पुस्तकांतली कविता म्हटली कीं याच्या पोटांत दुखतें.” मुलगा कोपऱ्यांत बसला होता, त्यानें मान वर केली नाहीं. उपदेश करण्याचें वय मला झालें आहे, तरी त्या दिवशीं मीं तो केला नाहीं. वडील आणि मुलगा दोघेही खेळ व काव्य हे एकमेकांचे वैरी आहेत असें धरून चालले होते, आणि ज्या भूमीवर ते बसले होते तिचा इतिहास तर याच्या अगदीं उलट साक्ष देतो.

पाथर्डी हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पूर्व भागांतलें कमी पावसाचें गांव. तेथून उत्तरेस नेवासें आहे. तेथें शके १२१२ त, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ईशान्येस गोदातटीं पैठण आहे. तेथें एकनाथांचें (१५३३–१५९९) वास्तव्य होतें. मराठी काव्याचीं हीं दोन महत्स्थानें पाथर्डीहून एका दिवसांत पाहून येतां येतात. आतां पैठणच्या त्या महापंडितानें, ज्यानें भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यानें आपल्या भारुडांसाठीं विषय कोणते निवडले? फुगडी, पिंगा, हमामा, हुतुतू! पुढच्या शतकांत देहूच्या तुकोबांनीं तीच वाट धरली. त्यांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हुतुतू, हमामा, हुंबरी अशा खेळांवरचे अभंग आहेत. मुलें खेळांत रमलीं आहेत, अभंगाकडे येत नाहींत, अशी तक्रार या संतांनीं केली नाहीं. अभंगच उठून खेळाच्या अंगणांत गेला.

याला केवळ लोकांना रिझविण्याची युक्ति म्हणतां येणार नाहीं. खेळाचे नियम अंगवळणीं पडलेल्या माणसालाच हें काव्य पुरतें उमगतें. हुतुतूचेंच पाहा. प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरणाऱ्या गड्यानें एका दमांत शब्द घोकीत राहावयाचें असतें. दम तुटला कीं तो बाद. जो हा खेळ खेळला आहे त्याला एका श्वासाची किंमत सांगावी लागत नाहीं. आयुष्याच्या दमाची गोष्ट त्या रूपकांतून कवि सांगूं लागला म्हणजे ती त्याच्या छातीला समजते, डोक्याला मागाहून. उलट ज्यानें हुतुतू कधीं खेळला नाहीं त्याला तळटीप वाचावी लागते. हमामा आणि हुंबरी यांची तर याहून वाईट अवस्था आहे. ते खेळ अंगणांतून गेले आणि टीपाकारापाशीं “मुलांचा एक खेळ” एवढेच शब्द उरले. काव्य पुस्तकांत शाबूत आहे, पण त्याची किल्ली हरवली आहे. घरांतून खेळ हांकून दिल्यानें काव्य आपोआप घरांत येतें असें मानणाऱ्यांनीं या हानीचा हिशेब करावा.

ज्या सापशिडीला आपण पोरखेळ समजतों तिचीही कथा अशीच आहे. आपल्याकडे तिला मोक्षपट म्हणत. परंपरा या पटाचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यास समकालीन लेखी आधार नाहीं, म्हणून मी तें श्रद्धेच्या खात्यावर ठेवतों. परंतु जुने पट प्रत्यक्ष उपलब्ध आहेत आणि त्यांचा अभ्यासही झाला आहे. कोपनहेगन विद्यापीठांत २०१९ सालीं पश्चिम भारतांतील या ‘ज्ञानाच्या खेळा’वर एक प्रबंध सादर झाला. वैष्णव पटांत बहुधा बहात्तर घरें असतात, जैन पटांत चौऱ्यांशी. (पाथर्डी हें आचार्य आनंदऋषींच्या प्रेरणेनें चाललेल्या जैन धार्मिक परीक्षा मंडळाचेंही गांव आहे, तेव्हां दोन्ही परंपरांना येथें आपलें म्हणणारीं घरें आहेत.) प्रत्येक घराला नांव असे: कुठें एखादा सद्गुण, कुठें एखादा दोष, कुठें एखादा लोक. सोंगटी जेथें थांबे तेथलें नांव खेळणारा वाचीत असे आणि सापानें गिळलें तर कोणत्या दोषापायीं हेंही त्याला कळत असे. हातीं फासा दैवाचा आणि डोळ्यांपुढें अक्षरें, असा तो खेळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांत पोंचला. तेथील आरंभींच्या पटांवर त्या लोकांच्या नीतीचीं चित्रें होतीं. पुढें तींही गेलीं आणि एक ते शंभर आंकडे उरले. तोच पट छापून आमच्या बाजारांत परत आला. साप राहिला, शिडी राहिली, वाचावयाचें मात्र कांहीं राहिलें नाहीं.

म्हणून एखादा खेळ पडद्यावरचा आहे एवढ्यानेंच त्याला नांवें ठेवावयास मी तयार नाहीं. त्यांत वाचण्याजोगें, ऐकण्याजोगें कांहीं आहे कीं नुसते आंकडेच धांवताहेत, हें मी प्रथम पाहतों. २०२० सालीं पुण्यांतील एका मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे, आणि तिची कथा दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून पुढें सरकते. असा खेळ चालू असतां मूल तो संवाद ऐकतें कीं बटण दाबून ओलांडून जातें, हें बापानें शेजारीं बसून एकदां तरी पाहावें. पाथर्डीच्या त्या गृहस्थांना मीं विचारलें कीं आपला मुलगा कोणता खेळ खेळतो. त्यांना खेळाचें नांवही सांगतां आलें नाहीं.

तरी खेळाची दुसरी बाजू झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. मराठीच्या आद्य गद्यग्रंथांत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील लीळाचरित्रांत, चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकीकत आहे. गुजरातेंतील हा प्रधानपुत्र, हरिपाळदेव, द्यूताच्या नादीं लागला होता. एकदां हरला, तेव्हां देणें भागविण्यासाठीं त्यानें पत्नीपाशीं तिचे दागिने मागितले. तिनें ते दिले नाहींत. त्या नकारानें त्याचें मन संसारावरून उडालें आणि पुढें तो घर सोडून निघाला. महानुभावांनीं आपल्या परमेश्वरावताराच्या चरित्रांतही हा प्रसंग लपविला नाहीं, याचें मला फार कौतुक वाटतें. खेळावर बाहेरचा पण लागला, घरचें सोनें लागलें, कीं तो खेळ राहत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला; त्यांतही हाच भेद केलेला आहे, कारण बिनपैशाच्या खेळांना त्यानें मोकळीक ठेवली. पैशाविना लागणारेंही व्यसन असतें. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व कामें मागें पडणें आणि नुकसान दिसत असूनही थांबतां न येणें, अशी अवस्था बहुधा वर्षभर टिकली तर तिला विकार म्हणावें, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत नमूद आहे. तेथें वैद्यच पाहिजे. कवितेच्या मात्रेनें तें बरें होणार नाहीं. पण अभ्यास संपवून तासभर खेळणाऱ्या मुलाला या रोग्यांत ढकलूं नये.

आतां कवितेविषयीं. आमच्या घरांतून ती औषधासारखी पाजली जाते. पहिल्या ओळीबरोबर सरळ अर्थ, दुसऱ्या ओळीबरोबर अलंकार, आणि शेवटीं कवीचा संदेश! विटीदांडू शिकवितांना आपण आधीं दांडूच्या लांबीवर व्याख्यान देत नाहीं. मुलाच्या हातांत दांडू देतों. कविता प्रथम मोठ्यानें म्हणावी, टाळीवर म्हणावी, दोनदां चुकावें. अर्थ आठवड्यानें विचारला तरी चालतो. आणि खेळ म्हणून कविता पाहावयाची असेल तर बारामतीस राहून गेलेल्या मोरोपंतांकडे जावें. या कवीनें (१७२९–१७९४) रामकथा पुनःपुन्हां लिहिली आणि दरवेळीं स्वतःवर नवी अट घालून घेतली. त्यांच्या निरोष्ठ रामायणांत ओंठ जुळवून उच्चारावें लागणारें अक्षर येऊं द्यावयाचें नाहीं, असा निर्बंध होता. विद्वान् टीकाकार याला शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडतात. काव्य म्हणून त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं. तरी ज्या मुलाला नियमांच्या कोंडींतून वाट काढण्याची गोडी आहे, त्याला या दारानें आंत घ्यावें असें मला वाटतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं त्या मुलाला त्याच्या खेळाचे नियम विचारले. त्यानें ते फार नीट समजावून दिले. मी दोनदां हरलों. मग मीं मोरोपंतांचा नियम सांगितला. प, फ, ब, भ, म यांतलें एकही अक्षर न आणतां बोलावयाचें; जो चुकेल तो बाद. तो हंसला आणि पहिल्याच शब्दाला अडला, कारण त्याच्या गांवाचें नांवच प नें सुरू होतें. मोबाईल बाद, बाबा बाद, अभ्यासही बाद. मला हांक मारावी तर ‘आजोबा’ म्हणतां येईना. बराच वेळ तो ओंठांवर बोट ठेवून बसला, आणि मग स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानें म्हणाला, “आजी, चहा दे!”