कातकरी

कातकरी : कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारी आदिवासी जमात, तसेच त्या जमातीची व्यक्ती, स्त्रीलिंगी कातकरीण. काथोडी, कातोडी, कातवडी ही याच नावाची रूपे. रायगड जिल्ह्यात खालापूर, कर्जत, पेण, सुधागड या तालुक्यांत वस्ती मोठी. रसायनीच्या कारखान्यांच्या आसपास, पाताळगंगेच्या खोऱ्यातही कातकरवाड्या आहेत.

नाव धंद्यावरून पडले. खैराचे झाड तोडून वरचे पांढरे लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की वड्या पाडायच्या. विड्यातला कात तो हाच. १८७८च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली, त्यांतल्या खैरावर कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरले आणि धंदा बुडाला; नाव तेवढे चिकटून राहिले. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. आधी घेतलेली उचल फेडण्यातच अनेकांचा हंगाम सरतो.

जमातीत सोन आणि ढोर हे मुख्य भेद. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी व कातकरी ही दोन्ही नावे या भेदांसह येतात, आणि केंद्र सरकार या जमातीला विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरते. त्यामुळे हा शब्द आता हक्काचाही आहे. जातीच्या दाखल्यासाठी मात्र ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या नावावर ना सातबारा, ना शाळेची नोंद, अशा घराने तो आणायचा कुठून?

आडनाव म्हणूनही शब्द भेटतो. २५ सप्टेंबर १९३०च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातले हुतात्मे नाग्या महादू कातकरी याच नावाने स्मरणात आहेत. एरवी वाघमारे, हिलम, मुकणे, पवार, जाधव ही आडनावे अधिक आढळतात.

मळक्या, विस्कटलेल्या माणसाला हिणवायलाही हे नाव वापरले जाते. ही शिवी आहे, बोलीतला गमतीचा प्रयोग नव्हे; घरात मुलांच्या तोंडी आली तर तिथल्या तिथे थांबवावी.

कातकरवाडी हे वस्तीचे सर्वसाधारण नाव, गावठाणापासून अंतरावर वसलेल्या घरांचे. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी आहेत, पण घराखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. जमिनीचे भाव चढले की मालक तारेचे कुंपण घालू लागतो.