कडी आतून की बाहेरून?

'अंगणवाडी' या शब्दात दार नाही, अंगण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला होत्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे कडी नव्हती आणि कुलूपही नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. पुढे अंगणाची खोली झाली आणि खोलीला कुलूप आले. आमच्या पालमकडच्या खेड्यांत मी पाहिलेली कुलपे तांदूळ, डाळ आणि भांड्यांसाठी होती. मग मूल रस्त्यावर पळू नये म्हणून तीच कडी दिवसाही बाहेरून लागू लागली. हेतू चांगलाच. पण आत काही झाले तर?

याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमधील संडरलंड गावी १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचा खेळ होता. शेवटी बक्षिसे वाटतात म्हणून गॅलरीतली मुले जिन्याने खाली धावली. खालचे दार आत उघडणारे, आणि एकेकच मूल जाईल एवढीच फट ठेवून खिटी लावलेली. १८३ मुले चेंगरून गेली. तीही खिटी शिस्तीसाठीच होती!

त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये एका नव्या कडीचे पेटंट घेतले. दाराला आतून आडवी दांडी असते. तिच्यावर अंगाचा भार पडला की कडी सुटते व दार बाहेर उघडते. बाहेरच्याला मात्र ते उघडत नाही. परका बाहेर राहावा आणि मूल आत अडकू नये, या दोन्ही गोष्टी एकाच कडीने साधतात.

तरी जग विसरते. ५ जून २००९ रोजी मेक्सिकोत एर्मोसियो शहरातल्या पाळणाघराला आग लागली. आणीबाणीचे दार ऐनवेळी उघडले नाही. लोकांनी गाडी आदळून भिंत फोडली, तरी ४९ बालके गेली.

आपल्याकडे कुठे असे होते, असे म्हणू नका. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास हिंगोलीकडच्या भूकंपाने परभणी जिल्हाही हादरला. तोच धक्का चार तासांनी बसला असता तर मुले खोल्यांत असती.

महागडी दांडी प्रत्येक गावाला परवडणार नाही, हे मला कळते. पण मुले आत असताना बाहेरची कडी मोकळी ठेवणे, आतली कडी बाईंच्या हाताच्या उंचीवर बसवणे, दुसऱ्या दारापुढची पोती हलवणे आणि महिन्यातून एकदा मुलांना रांगेने बाहेर काढून पाहणे, याला पैसे लागत नाहीत.

तुमची नातवंडे पुण्या-मुंबईच्या पाळणाघरात असतील. कॅमेरे आहेत का, हे आपण विचारतोच. पुढच्या वेळी कडीही बघून या, आणि ती कुठल्या बाजूला आहे ते मला जरूर कळवा.