अर्धवट कामाची कुळकथा

भिलाईच्या इस्पात कारखान्यातील झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे वर्षानुवर्षे विझत नाही, आणि तिच्या या अखंडतेपायीच तिच्याभोवती वसलेल्या सेक्टरांतील घरांचा दिवस तीन पाळ्यांत खंडित होतो. पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचे उशिराचे जेवण आणि रात्रपाळीहून परतलेल्या माणसाची भर दुपारची झोप, यांच्या सांदीकोपऱ्यांत जो वेळ उरेल तो घरच्या बाईच्या मालकीचा, अशी येथील वहिवाट आहे. त्या उरलेल्या वेळावर येथील मराठी घरांतून दोन कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एक गोधडीचे आणि दुसरे लोकरीच्या विणकामाचे. ही कामे महिनोन्‌महिने अपुरी राहतात म्हणून पुष्कळांना त्यांत आळस दिसतो. परंतु मला असे वाटते की अपुरे राहूनही न बिघडणे हा या दोन्ही कलांचा जन्मसिद्ध गुण असून त्यांचे तंत्रच मुळी मोडक्या वेळाच्या पोटी जन्माला आले आहे.

मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध कारखान्याहून बराच जुना. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 साली मृत्यू येईपर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत असत. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही दुर्ग-रायपूरकडील दफ्तरांचा ओढा नागपूरकडेच राहिला, आणि 1956 पर्यंत प्रांताची राजधानीही तेच शहर होते. पुढे 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा नागपूर, वर्धा, अमरावतीकडची कुटुंबे लांबचा रेल्वेप्रवास करून येथे नोकरीस रुजू झाली. त्यांच्या सामानात एक ट्रंक आणि एक वळकटी असावयाची, आणि वळकटीच्या सर्वांत आतल्या घडीला आईच्या किंवा आजीच्या लुगड्यांची गोधडी.

या गोधडीचे कूळ शोधू गेल्यास वाट संस्कृतातील कंथेपाशी जाते. बंगालातील कांथा आणि छत्तीसगडी घरांतील कथरी ही त्याच कंथेची लेकरे, तेव्हा वळकटीतून आलेल्या आमच्या गोधडीला येथे परकेपण असे वाटले नसावे. विनयपिटकात कथा आहे की मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदास तशाच आखणीचे चीवर करता येईल काय असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखविले. दुर्गच्या बाहेर पडताच जी बांधबंदिस्तीची धानाची खाचरे लागतात ती पाहिली म्हणजे ही कथा समजण्यास टीकाकाराची गरज उरत नाही. पुढे नाथपंथी जोग्यांनी कंथा अंगावर घेतली, आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना तर लोक त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून गोधडेबुवाही म्हणत. एवढी मोठी परंपरा दिसली की अभ्यासकाला गोधडीचा उगम वैराग्यात आहे असे मानण्याचा मोह होतो. माझे मत निराळे आहे. संन्याशाने अंगीकारण्यापूर्वी ती कोणातरी गृहिणीच्या हातून उतरली असली पाहिजे, कारण फाटक्या वस्त्राचा हिशेब ठेवण्याची गरज विरक्तापेक्षा लेकुरवाळीला आधी पडते. साधूने तिला प्रतिष्ठा दिली असेल, जन्म मात्र संसाराने दिला.

रजई किंवा दुलई आणि गोधडी यांच्यातील भेदही येथेच उमजतो. रजईत पिंजलेला कापूस भरावा लागतो, आणि त्यासाठी पिंजाऱ्याची धनुकली दाराशी यावी लागते. गोधडीत भरण म्हणून कापडच, एकावर एक चार-पाच थर, आणि त्या थरांमध्ये कोंडलेली हवा हीच तिची ऊब. नवे खळीचे कापड तिला चालत नाही, कारण ते सुईला अडते आणि अंगाला टोचते. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले लुगडे आणि विरलेले धोतर हाच तिचा कच्चा माल. नऊवारी लुगडे फाटते ते बहुधा मध्ये, म्हणून शाबूत राहिलेले काठ सोडवून गोधडीच्या कडेला लावतात आणि विरलेला भाग आतल्या थरांत घालतात.

आता शिवणे. जमिनीवर खालचे कापड ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा किंवा हाताला येईल ते वजन ठेवतात, थर पसरून हाताने सुरकुत्या मोडतात आणि लांब लांब कच्चे टाके घालून सारे एकदा जखडून टाकतात. हे एवढे काम मात्र एका बैठकीत उरकावे लागते, आणि म्हणून त्याला शेजारणी बोलावण्याचा रिवाज आहे. त्यानंतर कडेपासून धावदोऱ्याची पहिली ओळ सुरू होते. बोटात अंगुस्तान, डावा हात थरांच्या खाली, सुईचे टोक खालच्या बोटाला लागले की वर. ओळ कोपऱ्याशी पोहोचली म्हणजे वळते, चौथ्या कोपऱ्यानंतर पहिल्या ओळीच्या आत बोटभर अंतरावर येऊन तिला समांतर चालू लागते, आणि अशा फेऱ्या आत आत सरकत मध्याशी मिटतात. या पद्धतीत आखणीची खूण लागत नाही, कारण प्रत्येक ओळीला तिच्या आधीची ओळ वाट दाखविते. दूध उतू जाऊ लागले, मूल रडले, दाराची कडी वाजली, तर सुई आहे तेथे टोचून उठावे, आणि चार दिवसांनी किंवा चार महिन्यांनी बसून तेथूनच पुढे निघावे. एकीने सोडलेली ओळ दुसरीने धरली तरी काम अडत नाही, फक्त टाक्यांच्या लांबीवरून हात बदलल्याचे जाणत्या डोळ्याला कळते. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवीत नेतात.

लोकरीचे विणकाम आमच्या घरांत फार अलीकडचे. दोन सुयांवर टाके घेऊन विणण्याची विद्या युरोपची असा सार्वत्रिक समज असला तरी, तिचे उपलब्ध असलेले जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे अकराव्या-बाराव्या शतकांतील मोजे आहेत, आणि ते लोकरीचे नसून निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. तेथून ही विद्या युरोपात पसरली, 1589 साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र रचले, आणि हाताच्या सुया एकोणिसाव्या शतकात युरोपीय स्त्रिया व मिशनशाळा यांच्यामार्फत हिंदुस्थानात आल्या. विदर्भाच्या उन्हात त्यांना विशेष वाव नव्हता. भिलाईत मात्र पौष-माघात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, आणि लघु भारत म्हणविल्या जाणाऱ्या या वसाहतीत पंजाबी शेजारीण भिंतीपलीकडेच राहते. लुधियान्याच्या लोकरीचे गोळे, बारा नंबरच्या सुयांवर काठ आणि दहा नंबरच्या सुयांवर अंग, हे शिक्षण अंगणातील उन्हात झाले, आणि म्हणून येथील मराठी बायका टाक्याला सहज फंदा म्हणून जातात.

विणकामाचाही स्वभाव थांबून राहण्याचा आहे, पण जरा नाजूक. सुईवरचे टाके जिवंत असतात. एक निसटला तर तो ओळीमागून ओळ उसवीत खाली उतरतो, म्हणून उठताना सुलट-उलटची ओळ पुरी करावी आणि सुईच्या टोकाला बूच खोचावे असा दंडक. त्याच्या बदल्यात ते एक सवलत देते, जी गोधडीत नाही. मुलाला आखूड झालेला स्वेटर पूर्ण उसविता येतो. उसवलेली कुरळी लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड करतात, कोमट पाण्यातून काढून खाली वजन बांधून वाळत घालतात, आणि कुरळेपणा गेला की तीच लोकर धाकट्याच्या मापाने सुईवर चढते. गोधडी कोणी उसवीत नाही. ती जीर्ण झाली की तिच्यावरच नवे कापड घालून पुन्हा फेऱ्या मारतात, त्यामुळे एखाद्या जुन्या गोधडीच्या पोटात तिची पूर्वीची गोधडी सबंध सापडते.

काम किती झाले याचे उत्तर दोन्हींकडे निराळ्या मापाने येते. स्वेटर बोटांनी आणि वितींनी मोजतात: आज चार बोटे झाले, बगलेपर्यंत अजून एक वीत. गोधडी फेऱ्यांनी मोजतात, आणि तिची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून आखूड असल्यामुळे काम जसजसे सरते तसतसा त्याचा वेग आपोआप वाढत जातो. महिनाभर कडेशी रेंगाळलेली बाई मधला चौक दोन दुपारींत संपविते, यातील आनंद शिवणारीलाच ठाऊक.

अलीकडे अडचण मालाची आहे. रोजच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या झाल्या, त्या विरत नाहीत, घाम पीत नाहीत आणि थरांमध्ये एकमेकींवरून घसरतात. यावर येथील जाणत्या बायकांनी तोड काढली आहे. अशी साडी वरच्या थराला शोभेपुरती लावावी, आत जुन्या सुती चादरी घालाव्यात, कच्चे टाके नेहमीच्या दुप्पट दाट घ्यावेत, आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मात्र हे कापड मुळीच वापरू नये. दुपट्यासाठी सुती लुगडे हवे असले की नागपूरला निरोप जातो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून ते दुर्गच्या स्टेशनावर उतरते.